काढणीची खुर्ची

त्या कारखान्यात दोनच कामं चालायची, लावणी आणि काढणी. बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटावं, मागे यांचं शेत असेल. शेत कसलं! मागे रिकाम्या खोक्यांची थप्पी आणि पाण्याचा नळ. आत एक लांबलचक हॉल, त्यात टेबलांच्या दोन रांगा, आणि टेबलांवर दुकानातल्या वजनकाट्यांच्या पोटात असतात ते तळहाताएवढे हिरवे बोर्ड. नवा बोर्ड आला की त्याच्या भोकांतून एकेका भागाचे पाय ओवायचे आणि मागून शिशाचा टाका घालायचा, ती लावणी. बिघडलेला बोर्ड आला की टाके वितळवून आतला मेलेला भाग बाहेर घ्यायचा, ती काढणी. लावणीला रांगभर बायका होत्या. काढणीला एकच माणूस.

ही गोष्ट लावणीतल्या एका बाईची. तिचा टाका बघावा आणि गप्प बसावं. गोळा नाही, खड्डा नाही, पायाच्या भोवती सगळीकडून उतरता आणि चकचकीत. तिच्या हातातल्या सोल्डरिंगच्या तापत्या सळईच्या टोकाला कायम शिशाची कल्हई असायची. काळं पडलेलं टोक तिने कोणाच्या हातात पाहिलं की ती स्वतःच्या चेहऱ्याला काळं लागल्यासारखी बघायची. हात इतका चालायचा की शेजारणी म्हणायच्या, "ताई, जरा दम घ्या, आम्ही आळशी दिसतो." सगळा हॉल तिला ताईच म्हणायचा आणि तिला ते आवडायचं.

पण लावणीत एक खोड होती. कारखान्याचे मालक स्वतःच सगळं बघायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. बोर्ड चालला नाही की ते चाचणीच्या खोलीतून बाहेर यायचे आणि दारातूनच विचारायचे, "कोणी लावलंय हे?" की सगळ्या माना खाली. चांगल्या लावणीबद्दल कधी कोणी विचारलं नाही. काटा चालतो आहे तोवर त्याच्या पोटात कोणाचा टाका आहे, कोणाला पडलंय? काढणीचं उलटं. मेलेला बोर्ड जिवंत झाला, भोकं स्वच्छ निघाली, तांब्याची एक रेघ दुखावली नाही, की मास्तर तो बोर्ड उजेडाला धरून मोठ्याने विचारायचे, "कोणी काढलंय हे?" कोणी काढलंय ते त्यांना ठाऊक असायचं, काढणीला माणूस होताच कुठे दुसरा? तरी विचारायचे. आणि खिडकीपाशी पाठ असलेल्या खुर्चीत बसलेले पंपकाका (वितळलेलं शिसं ओढून घेणारा पंप त्यांच्या हातून सुटायचा नाही, म्हणून हे नाव) मान वर करून म्हणायचे, "मी."

त्या "मी"वर ताईचा डोळा होता. बाकी सगळ्या बिनपाठीच्या स्टुलांवर बसायच्या. पाठ असलेली खुर्ची हॉलमध्ये ती एकच. पण खुर्चीच्या पाठीसाठी तिचा जीव अडकला नव्हता. तिला तो प्रश्न हवा होता आणि तो आपल्याला विचारलेला हवा होता. काकांची नजर अधू होत चालली होती. ते लेकीकडे राहायला जाणार, असं सगळे म्हणत होते. ते गेले की ती खुर्ची कोणाची, हे ताईच्या मते विचारायचंही कारण नव्हतं.

आणि तेवढ्यात दीराचं दुकान बसलं. घरात सासूबाई म्हणाल्या, "तू रोज जातेसच, धाकटीलाही घेऊन जा. दोघींचा हात लागला तर घर उभं राहील." नाही म्हणायला जागा नव्हती. जावेला घेऊन ती कारखान्यात आली, आणि त्या दिवशीच संध्याकाळी हॉलमधल्या बायकांनी नाव बदललं. धाकटी आली म्हणून ताईची थोरली झाली. इतकी वर्षं जी नुसती ताई होती, तिला आता कोणाच्या तरी हिशेबात थोरलं व्हावं लागलं. ताई म्हणणारी तिथे एकटी धाकटीच उरली.

शिकवलं मात्र तिने मनापासून. ते खोटं बोलून चालणार नाही. धाकटीने पहिल्याच टाक्याला टोकावर शिशाचा थेंब घेतला आणि नेऊन पायावर चिकटवला, तसं थोरलीने तिच्या मनगटावर चापट मारली.

"अगं, शिसं काय चमच्याने वाढतेस? आधी पाय आणि खालचं तांबं दोन्ही तापव. मग तार त्या जागेला लाव, टोकाला नाही. जागा तापली की शिसं आपण होऊन धावतं."

"आणि मग?"

"मग आधी तार उचल, मग टोक. आणि टाका थिजेपर्यंत हलू नकोस, फुंकर तर मुळीच घालू नकोस. हललीस की टाका वरून दिसतो पक्का, आतून कोरडा. असा काटा दुकानात जाऊन दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी आपल्याला शिव्या खायला घालतो."

धाकटी ऐकून घेणारी होती. तिथेच पंचाईत झाली. एखादी गोष्ट सांगितली की ती पुन्हा सांगावी लागायची नाही. थोडे दिवस गेले आणि धाकटीचे टाकेही उतरते, चकचकीत दिसू लागले. बायका दोघींचे बोर्ड शेजारी ठेवून ओळखा पाहू म्हणत खेळ करायच्या. थोरली हसायची. हसताना दात दिसतात, पोटात काय दुखतंय ते दिसत नाही, ही एक सोय असते.

घरीही तेच. सासूबाईंचा जुना रेडिओ कधीचा मुका पडला होता. "बघते, बघते" म्हणत थोरलीने तो कपाटावर ठेवला होता. एका सुट्टीच्या दिवशी धाकटीने तो उतरवला, उघडला, आतला एक कोरडा टाका शोधून पुन्हा तापवला आणि रेडिओ बोलायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो!" थोरली आत भांडी लावत होती. त्या दिवशी भांड्यांचा आवाज रेडिओच्या वर गेला. नवरा डोकावून म्हणाला, "रेडिओ दुरुस्त झाला आणि बायको बिघडली की काय?" तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो आल्या पावली गेला.

तिला ते खुपत होतं, आणि आपल्याला खुपतंय हेही कळत होतं, म्हणून दुप्पट खुपत होतं. हाताला धरून आपणच आणली, मनगटाला धरून आपणच शिकवली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

पुढे तिने आणखी एक पाहिलं. चहाच्या सुट्टीत बायका नळापाशी जमायच्या, पण धाकटी कप घेऊन काकांच्या टेबलापाशी उभी राहायची. काका काहीतरी सांगायचे, ती वाकून बघायची, मग तिच्या हातात पंप यायचा. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती त्याच हॉलमध्ये होती, काकांनी तिला कधी पंप हातात दिला होता?

न राहवून तिने एकदा विचारलंच. "काका, नव्या माणसांना बरं शिकवता हो तुम्ही. आम्ही जुन्या, आम्हाला काही नाही."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ती विचारते, मी सांगतो. तू कधी विचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. विचारलं तर आपल्याला येत नाही असं दिसेल, या भीतीने ती काढणीकडे नुसती लांबून बघत राहिली होती. पण हे स्वतःशी कबूल करायचं सोडून ती म्हणाली, "आम्हाला कामं असतात," आणि निघून गेली.

काकांच्या जाण्याचा दिवस ठरला. एका दुपारी नळापाशी मास्तर तिला म्हणाले, "काकांच्या जागी धाकटीला बसवावं म्हणतो. काका तसं म्हणतायत. तुमच्याच घरची आहे, तुम्ही काय म्हणता?"

आता थोरलीने काय म्हणावं? "मला बसवा," एवढं म्हणायचं होतं. इतके दिवस तेच एक वाक्य तिच्या घशात अडकून होतं. ते आलं नाही. दुसरंच आलं.

"बसवा की! हात चांगलाच आहे तिचा. फक्त किती टिकते ते बघा म्हणजे झालं. भाऊजी दुसऱ्या गावी दुकान बघतायत. लवकरच बिऱ्हाड हलवतील. पण तुम्ही तिला काही विचारू नका हं, घरातली गोष्ट आहे."

दीर दुकान बघत होता, हे खरं. ते पलीकडच्या गल्लीत होतं. जीभ एकदा फिरली आणि पलीकडच्या गल्लीचं दुसरं गाव झालं. आधी कौतुक, मग काळजी, मग कोणाला सांगू नका. याला लावालावी म्हणतात, आणि लावणीत थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं हे वर सांगितलंच आहे.

काका गेले आणि खुर्ची थोरलीला मिळाली. धाकटीने मनापासून अभिनंदन केलं. "ताई, तुमचीच होती ती जागा," असं म्हणाली, आणि हे तिने टोमण्यात म्हटलं असतं तर थोरलीला किती बरं वाटलं असतं!

खुर्चीला पाठ होती, पण थोरली टेकून बसली नाही. कारण पहिल्याच दिवशी तिला कळून चुकलं, की काढणी म्हणजे उलटी लावणी नव्हे. नव्या बोर्डावरचं शिसं टोक लागताच पाण्यासारखं व्हायचं. हे जुने टाके वर्षानुवर्षं दुकानात धूळ खाऊन आलेले, राखाडी, निबर. टोक टेकवून बसलं तरी हलायचे नाहीत. पंप ओढायचा तो नुसती हवा. मग ती चिमट्याने भाग हिसकायची आणि भागाबरोबर खालचं तांब्याचं वर्तुळ उपटून यायचं. बोर्डाची ती जागा मग कायमची गेली. मग तारेचा तुकडा जोडून कशीबशी वाट करून द्यायची. असे दुखावलेले बोर्ड, आणि जे हलतच नव्हते तेही, ती ढिगाच्या तळाशी सारायची. टोक खराब आहे, पंप गळतो, काकांनी सगळं सामान झिजवून ठेवलंय. अंगण वाकडं होतं, दुसरं काय!

मास्तरांनी तिचा एकही बोर्ड उजेडाला धरला नाही.

धाकटीला ते स्टुलावरून दिसत होतं. एक दिवस दुपारी ती सुटे भाग द्यायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आधी थोडं नवं शिसं घाला त्यावर. मग ओढा."

"काढायचंय मला, लावायचं नाही."

"तेच. काका म्हणायचे, जुनं निघत नसलं की—"

"मी तुला शिकवलं की तू मला?" थोरली इतक्या जोरात म्हणाली, की शेजारच्या रांगेतले हात थांबले. "जा, तुझं काम कर."

धाकटी गेली. समोरचा बोर्ड पुढ्यात तसाच होता, त्यातला एक कपॅसिटर काढायचा होता. असतो छोट्या डबीएवढा, अंगावर एक पांढरा पट्टा, तो पट्टा उणे खुणेच्या बाजूला यावा लागतो. नवं शिसं घालून बघायला काय जात होतं? जात होतं, धाकटीचं ऐकल्यासारखं झालं असतं. म्हणून थोरली टोक दाबून बसली ती बसलीच. बोर्ड करपला, धूर निघाला, डोळ्यांत पाणी आलं (ते धुराचंच, असं तिने ठरवलं), आणि शेवटी भाग निघाला तेव्हा त्याच्यासोबत एका बाजूचं तांबं गेलं आणि छापलेली उणे खूणही जळून गेली. अंदाजाने तिने नवा कपॅसिटर बसवला, तार जोडली, टाके घातले. टाके सुंदर होते. बोर्ड चाचणीला गेला.

आतून फट् असा आवाज आला आणि पाठोपाठ घाण वास. सगळा हॉल दाराकडे बघायला लागला. मास्तर बोर्ड चिमटीत धरून बाहेर आले, कपॅसिटरचं टोपण उडालं होतं.

"कोणी लावलंय हे? उलटं?"

काढणीच्या टेबलावरून गेलेला बोर्ड, कोणाचा ते सगळ्यांना माहीत. आता खुर्ची जाणार. थोरलीने तोंड उघडायच्या आधी रांगेतून आवाज आला.

"मी लावलंय, मास्तर." धाकटी स्टुलावरून उठून उभी होती. "मघाशी ताईंना मदत करायला गेले होते. चुकलं माझं."

दुसरी कोणी असती तर विरघळली असती. थोरली पेटली. सासूबाई हिला हव्या, काका हिला हवे, हात हिचा चांगला, आता मनही हिचंच मोठं! आणि माझी म्हणून एक चूक उरली होती, तीही हिलाच हवी?

"तू कशाला लावशील?" ती ओरडली. "तुला सरळ लावता येतं! मी लावलंय, मास्तर. हेही मी लावलंय, आणि ही गाव सोडून चाललीय म्हणून सांगितलं ना, तेही मीच लावलंय! ही कुठे जात नाही. भाऊजींचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे!"

मास्तरांनी एकदा बोर्डाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"मी फक्त कपॅसिटरचं विचारलं होतं," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. धाकटी अजून उभीच होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला, कारण तिला आत्ता कळलं की ती खुर्ची कोणाची होती आणि कशी गेली. मास्तरांनी बोर्ड थोरलीच्या टेबलावर ठेवला. "लावलंत तुम्ही. आता काढायचं कसं ते तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी धाकटी खुर्चीत बसली आणि थोरली परत स्टुलावर आली. धाकटी काही देवी नव्हती. ती थोरलीशी बोलायची बंद झाली. दोघी एकाच घरातून निघायच्या, एकाच रस्त्याने यायच्या, पण मध्ये दहा पावलांचं अंतर. थोरलीला वाटायचं, आज ही सासूबाईंना सांगणार, आज दीराला सांगणार. धाकटीने कोणालाच सांगितलं नाही. फक्त एकदा, ओट्यापाशी दोघीच असताना, पाठमोरी म्हणाली, "मागितली असतीत तर मी सोडली असती ती खुर्ची. तुम्ही थोरल्या आहात."

थोरलीला वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण हे खरं होतं. मागायचं तेवढंच तिला जमलं नव्हतं, ना काकांकडे, ना मास्तरांकडे.

आणि जळणं थांबलं असं कोणी समजू नये. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? धाकटीचा पहिला बोर्ड मास्तरांनी उजेडाला धरला, "कोणी काढलंय हे?" विचारलं, आणि धाकटीने हळू आवाजात "मी" म्हटलं, तेव्हा थोरलीच्या हातातल्या टाक्याचा चक्क गोळा झाला. रोज हा प्रश्न ऐकायचा आणि रोज एक टाका बिघडवायचा. असं किती दिवस चालणार? शेवटी एका चहाच्या सुट्टीत ती उठली, ढिगाच्या तळाशी आपणच न काढता दडवलेल्या बोर्डांतला एक घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बायका नळापाशी बोलायच्या थांबल्या.

"दाखव," ती म्हणाली.

धाकटीने वर पाहिलं नाही. "काय दाखवू?"

थोरलीने बोर्ड तिच्यापुढे ठेवला. "काढायचं कसं ते. मला येत नाही."

मग धाकटीने खुर्ची थोडी सरकवली. स्टूल ओढून थोरली शेजारी बसली.

"आधी नवं शिसं घाला," धाकटी म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. "भरपूर. भिऊ नका. जुनं एकटं असलं की अडून बसतं. नवं त्यात मिसळलं की दोन्ही मिळून वितळतं. हां. आता पंप. आता!"

पंपाने टक् केलं आणि भोक स्वच्छ झालं. पलीकडचा उजेड त्यातून दिसला. थोरली दुसऱ्या पायाकडे वळली. मग तिसऱ्या. शेवटचा पाय मोकळा झाला आणि मेलेला भाग न हिसकता, आपला आपण, तिच्या तळहातावर पडला. खालच्या तांब्याला ओरखडाही नव्हता.

मास्तर तिथून चालले होते. थांबले. टेबलावरून त्यांनी बोर्ड उचलला, खिडकीकडे धरला, तिरका करून पाहिला.

"कोणी काढलंय हे?"

धाकटी गप्प राहिली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न समोर येऊन उभा होता.

"मी," थोरली म्हणाली. आणि मग, धाकटीकडे न बघता, "हिने शिकवलं."

हे शेवटचे दोन शब्द तोंडातून काढायला तिला त्या सगळ्या पायांपेक्षा जास्त वेळ लागला.